लहानूभाऊंची शर्यतीची गाडी

आता हे सांगायचं म्हणजे स्वतःच्याच हातानं स्वतःचा कान पिळायचा. पण चहा आलाय, तुम्हीही निवांत बसलाय आणि आमची सौभाग्यवती आत कामात आहे. ती बाहेर आली की हा किस्सा स्वतःच सांगायला घेते, आणि तिच्या सांगण्यात मी आहे त्याहून जास्त बावळट दिसतो. तेव्हा मीच उरकतो.

गोष्ट चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशीची. मी गोंडपिपरीला शाळेत विज्ञान शिकवायचो आणि मला एक वेड होतं. कुणाला पत्त्यांचं असतं, कुणाला नाटकाचं. मला शर्यतीच्या जुन्या मोटारींचं! प्रत्यक्षात मी त्यातली एकही पाहिली नव्हती. गोंडपिपरीत पाहणार तरी कुठे? एसटी, बांबूचे ट्रक आणि तहसीलदारांची जीप, एवढाच आमचा मोटारींशी संबंध.

झालं असं होतं, की चंद्रपूरच्या, म्हणजे जुन्या लोकांच्या चांद्याच्या, एका रद्दीवाल्याकडे मला विलायती मासिकांचा गठ्ठा सापडला होता. खाणीवरच्या कुठल्याशा साहेबाच्या बंगल्यातून निघालेला. डिक्शनरी मांडीवर घेऊन मी तो अख्खा वाचला आणि जवळजवळ पाठ केला. इटलीच्या गाड्या लाल, फ्रान्सच्या निळ्या, जर्मनांच्या रुपेरी, इंग्रजांच्या हिरव्या. लांब बॉनेट, त्यावर चामड्याचे पट्टे, कुशीवर मोठा आकडा. आणि चालवणारा उघड्यावर बसलेला, तोंडावर इंजिनाचं तेल झेलत. काय देखण्या होत्या हो त्या! नुसत्या उभ्या असल्या तरी कुठेतरी पोचायची घाई असल्यासारख्या दिसायच्या. मी वर्गात घर्षण शिकवायला लागलो की दहा मिनिटांत इटलीत पोचायचो. सहामाहीच्या पेपरात पाच पोरांनी घर्षणाच्या व्याख्येत लाल गाडी लिहिली होती आणि मी पाचही जणांना पुरे मार्क दिले होते.

तर एकदा शाळेच्या बाकांसाठी फळ्या बघायला मी गावाबाहेरच्या जुन्या वखारीत गेलो. सागवानाच्या एका ठेकेदाराची ती वखार. ठेकेदार वारले होते, धंदा बंद पडला होता आणि त्यांचे चिरंजीव मुन्नाशेठ तिथे राईस मिल टाकणार होते. फळ्या बघता बघता मी टिनाच्या शेडमध्ये शिरलो. तिथे तणसाच्या, म्हणजे भाताच्या पेंढ्याच्या, ढिगातून काहीतरी बाहेर डोकावत होतं.

बॉनेट. लांबलचक. त्यावर चामड्याचे दोन पट्टे.

मी तणस उपसलं. मडगार्ड नाहीत, दारं नाहीत, टप नाही. म्हणजे वजन कमी केलेलं! गंजाच्या खाली रंग हिरवा, म्हणजे इंग्रजी! कुशीवर पांढऱ्या रंगात नऊचा आकडा. आणि मागच्या बाजूला एक उभा लोखंडी पिंप, त्यातून निघालेली जाड नळी थेट इंजिनापर्यंत गेलेली. इंजिनात जोरानं हवा कोंबायला शर्यतीच्या गाड्यांना एक यंत्र लावायचे, त्याला सुपरचार्जर म्हणतात. मासिकांत तो पुढे असायचा. इथे मागे होता. मला वाटलं, हे तर आणखीच दुर्मिळ.

तिथेच एक साठीचे गृहस्थ हातात फडकं घेऊन उभे होते. खाकी शर्ट, डोक्याला रुमाल. हे लहानूभाऊ, ठेकेदारांचे जुने ड्रायव्हर. वखारीला लागूनच बौद्ध वस्ती, तिथे त्यांचं घर. कुणी सांगितलेलं नसताना रोज सकाळी येऊन ते ही गाडी पुसून जायचे. मी विचारलं, गाडी चालते का? ते म्हणाले, चालते ना जी, न चालाले काय झालं. मग फडकं झटकत त्यांनी खालच्या आवाजात खरं दुखणं सांगितलं. शंकरपट, म्हणजे गावातली बैलजोड्यांची शर्यत, झाला की चंद्रपूरहून भंगारवाला येणार होता. मुन्नाशेठनं सांगून ठेवलं होतं, गाडी तोडून न्यायची आणि शेड मोकळी करायची.

तोडायची? शर्यतीची गाडी? माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. मी लहानूभाऊंना शब्द दिला, की या गाडीला मी कुणाला हात लावू देणार नाही.

त्याच दिवशी मी नागपूरच्या दस्तूरसाहेबांना पत्र लिहिलं. जुन्या मोटारींचा मोठा शौकीन माणूस, त्यांच्या गाड्यांचा फोटो मी एकदा पेपरात पाहिला होता. सात पानांचं पत्र. सोबत मी स्वतः काढलेलं चित्र, त्यात सुपरचार्जर लाल शाईनं रंगवलेला. साहेबांचं उत्तर आलं, पटाच्या दिवशी येतो. मी मुन्नाशेठला गाठून सांगितलं, शेठ, तुमच्या शेडमध्ये काय आहे ते तुम्हाला माहीत नाही. त्यांना खरंच माहीत नव्हतं. ते म्हणाले, पटाला गाडी लोकांसमोर पळवून दाखवा, साहेबांना पसंत पडली तर ठेवू, नाहीतर भंगार आहेच.

आता इथून पुढे नीट ऐका, कारण लहानूभाऊंनी मला एकदाही फसवलं नाही.

मी खास चंद्रपूरहून पेट्रोलचा डबा भरून आणला. लहानूभाऊ डब्याकडे बघून म्हणाले, "हे कायले आणलं जी मास्तर? हिले पेट्रोल लागत नाई."

मी जाणत्यासारखी मान हलवली. शर्यतीच्या गाड्यांचं इंधन वेगळंच असतं, अल्कोहोल वगैरे, हे मी वाचलेलं होतं. म्हाताऱ्यालाही ते ठाऊक आहे म्हणून मला त्यांचं केवढं कौतुक वाटलं!

मग ते म्हणाले, पटाच्या दिवशी अर्धा घंटा आधी सांगजा, तिले गरम करा लागते. मी पुन्हा मान हलवली. अहो, मासिकात तसंच होतं, शर्यतीआधी इंजिनाचं तेल तापवून घ्यायचे! मी विचारलं, ही गाडी एकटा माणूस हाकतो का? ते म्हणाले, नाही, मागचं सांभाळायला दुसरा लागतो. मला आठवलं, जुन्या शर्यतींत ड्रायव्हरच्या शेजारी मेकॅनिक बसायचा. सगळं कसं जुळत होतं! एकदा ते पिंपावर हात ठेवून म्हणाले, "मास्तर, हे तुमी म्हंता तसं नाई आहे." तर मी मासिक उघडून त्यांना फोटो दाखवला आणि अर्धा तास समजावून सांगितलं. ते फडकं घेऊन पुन्हा गाडी पुसायला लागले.

पटाचा दिवस उजाडला. आमच्याकडे शंकरपट म्हणजे काय असतो, ते बाहेरच्याला सांगून कळत नाही. आजूबाजूच्या गावांतून बैलांच्या जोड्या येतात, पाहुण्यांनी घरं भरतात आणि संध्याकाळी नाटक ठरलेलंच. नाटक मंडळीचा माईक सकाळपासून लावलेला होता. दस्तूरसाहेब आले. पांढरा सदरा, डोळ्यांवर जाड चष्मा, बोलणं कमी. त्यांना मुन्नाशेठच्या शेजारी खुर्ची दिली. लहानूभाऊंनी गाडी बैल लावून ओढत आणली होती. मी लोकांना सांगितलं, शर्यतीच्या गाड्या शर्यतीच्या जागेपर्यंत अशाच नेतात.

आणि मी माईक हातात घेतला.

काय बोललो म्हणून विचारू नका. हिरव्या रंगाचा इतिहास सांगितला. नऊ नंबरच्या गाडीनं कुठल्या कुठल्या देशांची धूळ उडवली असेल ते सांगितलं. सुपरचार्जर विज्ञानाच्या भाषेत समजावला, मग न समजलेल्यांसाठी पुन्हा समजावला. बैल हाकणारे धुरकरी आपापल्या जोड्या धरून कंटाळले होते, पण कुणी उठलं नाही. शेवटी मी म्हणालो, आता लहानूभाऊ गाडी सुरू करतील, सगळ्यांनी मागे सरकावं, वेग फार असतो.

लोक मागे सरकले. लहानूभाऊ खाली उतरले, त्यांनी सुपरचार्जरचं झाकण उघडलं आणि त्यात पोतंभर कोळसा ओतला.

मग खालच्या दारातून पेटती गोवरी आत सरकवली आणि कडेचा एक दांडा धरून पंखा फिरवायला लागले. पांढराशुभ्र धूर निघाला आणि बैलांच्या अंगावर गेला. माझ्या तोंडाशी माईक तसाच होता आणि त्यातून माझ्या श्वासाशिवाय काही ऐकू येत नव्हतं. गर्दीतून एका बाईनं शांतपणे विचारलं, "मास्तर, चाय ठेवू का मंग?"

अर्धा तास, मंडळी. पूर्ण अर्धा तास म्हातारा पंखा फिरवत होता. शेवटी मलाच राहवलं नाही, माईक ठेवून मी दांडा धरला. गॅस धरला का ते बघायला लहानूभाऊंनी नळीच्या तोंडाशी काडी लावली, निळी ज्योत आली. त्यांनी समाधानानं ती बंद केली, हँडल मारलं आणि गाडी खोकत खोकत सुरू झाली.

तो आवाज ऐकून कडेची एक जोडी बिथरली. धुरकरी चढायच्या आतच बैल सुटले आणि पटाच्या वाटेनं निघाले. त्यांच्यामागून आमची गाडी. बैल दुसऱ्या टोकाला पोचले, त्यांना पकडलं, पाणी पाजलं, तरी आम्ही अर्ध्यातच होतो. मी मागे भट्टीजवळ उभा, काळाठिक्कर, आणि कडेनं पोरं चालत येत होती. पळत नव्हे, चालत. पण सांगतो तुम्हाला, त्या दिवशी पहिल्या आलेल्या जोडीलासुद्धा लहानूभाऊंएवढ्या टाळ्या पडल्या नाहीत.

दस्तूरसाहेब उठून आले. गाडीभोवती एक चक्कर मारली आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "मास्टरजी, आपका सुपरचार्जर तो चूल्हा निकला."

मग त्यांनी लहानूभाऊंना विचारायला सुरुवात केली आणि माझी एकेक गोष्ट गळून पडली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पेट्रोल मिळेना, तेव्हा ठेकेदारांनी घरच्या मोटारीला कोळशाच्या गॅसची भट्टी लावून घेतली. जंगलात कोळशाला काय तोटा? मडगार्ड आणि दारं झाडांच्या खुंटांना अडकून गेली. बॉनेटचा खटका तुटला म्हणून बैलाच्या सामानातले पट्टे. रंग लाकूड डेपोच्या फाटकाचा उरलेला आणि आकडाही त्याच डेपोचा.

मुन्नाशेठ हसून म्हणाले, म्हणजे भंगारच की. तेव्हा लहानूभाऊंनी गाडीवर हात ठेवला.

"शेठ, छप्पन साली चांद्याले धम्माची दीक्षा होती," ते म्हणाले. "वस्तीतल्या बुढ्या बायांले पायी जाणं होत नव्हतं. मी तुमच्या बापाले सांगतलं, ब्रेक पाहून येतो. अन् तीन खेपा केल्या. माझी माय ह्याच शिटवर बसून गेली."

मुन्नाशेठ म्हणाले, "बाबूजी सांगायचे. ब्रेक पाहायला गेला अन् तीन दिवसांनी आला म्हणून." आणि ते खरोखर हसले.

दस्तूरसाहेबांनी चष्मा पुसला. त्यांच्याकडे शर्यतीची एक गाडी होती, ती बाहेर काढायचा आता त्यांना कंटाळा येत होता. पण चालू भट्टीची गाडी त्यांनी उभ्या जन्मात पाहिली नव्हती. त्यांनी मुन्नाशेठला सांगितलं, हिला तोडाल तर पस्तावाल. मुन्नाशेठनं चार लोकांदेखत गाडी लहानूभाऊंना देऊन टाकली, आणि वस्तीनं आठ दिवसांत तिच्यासाठी मांडव उभा केला.

मी मात्र लहानूभाऊंवर रुसलो होतो. म्हटलं, मला आधी का नाही सांगितलं?

"सांगतलं ना जी. तुमी मान हालवत होते," ते म्हणाले. "मंग मले वाटलं, हा मानूस माझ्या गाडीसाठी इतकं बोलून राह्यला, त्याले काऊन तोडा?"

माझा रुसवा तिथेच संपला.

पुढच्या वर्षी नागपूरला जुन्या मोटारींची मिरवणूक होती आणि दस्तूरसाहेबांनी आमंत्रण धाडलं. लहानूभाऊंनी एकच अट घातली, पंख्यावर मास्तरच पाहिजे. साऱ्या नागपूरच्या रस्त्यांवरून मी दांडा फिरवत गेलो. कडेच्या लोकांना गाडीबद्दल खूप सांगायचं होतं, पण धुरानं तोंड उघडता येईना. दुसऱ्या दिवशी पेपरात मोठा फोटो आला. खाली छापलं होतं, "आपल्या कोळशावरच्या गाडीसह श्री. लहानूभाऊ, सोबत त्यांचा क्लीनर."

क्लीनर! बी.एस्सी., बी.एड. झालेला माणूस! मी तिरमिरीत संपादकांना पत्र लिहायला बसलो. मायना लिहून झाला तेवढ्यात वस्तीतून लहानूभाऊंचा निरोप आला, रविवारी गाडी काढायची आहे, कोळसा चाळून ठेवजा.

मी पेन खाली ठेवलं आणि बायकोला विचारलं, मोठी चाळणी कुठे आहे?