मास्तरांचा डावा पाय

आमच्या भागातल्या निम्म्या लोकांना गाडी चालवायला मास्तरांनी शिकवलं, आणि उरलेले निम्मे त्या लोकांमुळे रस्ता जपून ओलांडायला शिकले. बावीस वर्षं मास्तरांचं ड्रायव्हिंग स्कूल आहे. दारावरच्या पाटीवर 'शंभर टक्के निकाल' असं लिहिलंय, आणि तो आकडा परवापरवापर्यंत खोटा नव्हता, हेच तर दुखणं. मास्तरांचा विद्यार्थी टेस्टमध्ये कधी नापास होत नसे. तो नापास व्हायचा नंतर. लायसन खिशात घालून एकटा निघाला की पहिल्याच चौकात. मग जळक्या क्लचप्लेटचा वास मारत ती गाडी माझ्या गॅरेजात यायची. गॅरेजवरचा पत्रा जाऊन स्लॅब आला तो अशाच गाड्यांच्या कृपेने, त्यामुळे मास्तरांच्या शिकवण्याबद्दल मी चारचौघांत चांगलंच बोलतो.

आणि माणूस खरंच सज्जन. दुसरे स्कूलवाले शिकाऊ माणसाच्या अंगावर वसकन ओरडतात. मास्तर आवाज चढवत नाहीत, फक्त 'छान, छान, असंच' म्हणत राहतात. त्यांची खोड एकच. समोरच्याला एखादी गोष्ट जमत नसली की त्यांना बघवत नाही. तुम्ही वाक्य सुरू केलंत की ते पुरं करतात, बहुतेक वेळा चुकीचं. बँकेत पुढे उभ्या असलेल्या अनोळखी माणसाचा फॉर्म त्याच्या हातातून घेऊन भरून देतात. माझ्या गॅरेजात, माझ्याच कपातली साखर ते मला ढवळून देतात, आणि मी बावळटासारखा थँक्यू म्हणतो. त्यांची लेक नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती तरी तिच्या वह्यांना कव्हरं हेच घालत होते. प्रेम म्हणावं तर हात जोडावेत, जाच म्हणावा तर जीभ रेटत नाही.

आता जरा गाडीबद्दल. शिकवण्याच्या गाडीत मास्तरांच्या सीटपुढेही एक क्लच आणि एक ब्रेक असतो, शिकाऊ माणूस गांगरला तर वेळप्रसंगी दाबण्यासाठी. मास्तरांनी आपला क्लच दाबला की केबल ओढली जाते आणि विद्यार्थ्याचं पेडलही आपोआप खाली जातं. उलटं मात्र होत नाही. विद्यार्थ्याने कितीही दाबलं तरी मास्तरांचं पेडल जागचं हलत नाही. एवढंच ध्यानात ठेवा, याहून जास्त ज्ञान मी तुमच्या गळ्यात मारणार नाही.

सोमवारी सकाळी मास्तर गाडी घेऊन आले. चेहरा उतरलेला. तीन आठवड्यांपासून क्लच वाजतोय म्हणाले. दाबला की 'कुंई' असा आवाज, आणि असा की मागच्या सीटवर बसलेल्यालाही ऐकू जावा. टेस्टच्या वेळीही मास्तर बाजूलाच असतात आणि मागच्या सीटवर परीक्षक बसतो. जुना परीक्षक तिथे बसून डुलक्या काढायचा. त्याची बदली झाली आणि नवा आला तो काटकुळा, तरुण आणि, मास्तरांच्या दुर्दैवाने, कान असलेला. 'कुंई' झालं की तो कागदावर काहीतरी लिहायचा. चार विद्यार्थी ओळीने नापास झाले होते. आवाजाने लोक बिचकतात, असं मास्तरांचं निदान होतं.

पण त्यांचा जीव टांगणीला लागला होता तो वेगळ्याच कारणाने. गुरुवारी त्यांच्या लेकीची टेस्ट होती. दोन वर्षं हंगामी म्हणून राबल्यावर तिला एका दवाखान्यात कायमची नोकरी मिळाली होती. घरी पडून असलेल्या म्हाताऱ्या पेशंटांकडे जायचं, जखमा बांधायच्या, इंजेक्शनं द्यायची. गाडी दवाखान्याची, चालवायची आपण. एक तारखेच्या आत लायसन, निदान टेस्ट पास झाल्याचा कागद, दाखवला नाही तर जागा यादीतल्या पुढच्या बाईला. एक तारीख सोमवारी होती आणि त्याआधीची शेवटची टेस्ट ही गुरुवारचीच.

कुठलं पेडल वाजतं, असं मी विचारलं. विद्यार्थ्याचं, मास्तर म्हणाले, आणि इतक्या ठामपणे म्हणाले की तीस वर्षं पाने फिरवणाऱ्या माझ्यासारख्या शहाण्याने ते मान्य केलं. अर्धा दिवस मी ड्रायव्हरच्या बाजूला पाठीवर पडून काढला. पेडलच्या पिनेला ग्रीस लावलं, केबल काढून तेलात घातली, स्प्रिंग बदलली, गाडीखाली सरपटत जाऊन बेअरिंग तपासलं. पेडल पन्नास वेळा दाबलं. आवाज नाही. खरं तर काम सुरू करण्याआधीही नव्हता, पण तो विचार डोक्यात यायला डोकं रिकामं लागतं. दुपारी मास्तरांना बोलावलं. ते सवयीने डावीकडे बसले, मी चालवत एक फेरी मारली, आणि प्रत्येक गिअरला 'कुंई'. मी म्हटलं, माझ्या बाजूने नाही येत. ते म्हणाले, तुमच्याच बाजूने येतो, तुमचा कान गेलाय. मी पुन्हा सगळं खोललं.

संध्याकाळी हातातला पाना निसटून डावीकडच्या सीटपुढे गेला. तो शोधायला बॅटरी मारली, आणि तसाच ओणवा थांबलो. पेडलच्या रबरावर आडव्या रेघा असतात, पाय घसरू नये म्हणून. मास्तरांच्या पेडलवरच्या रेघा तर सोडाच, रबरसुद्धा मधोमध झिजून आतलं लोखंड चकाकत होतं. पिनेभोवतीचा बुश, म्हणजे घासू नये म्हणून घातलेली नळी, पार संपला होता आणि लोखंडावर लोखंड घासत होतं. मग मी उजवीकडे बॅटरी मारली. ही गाडी घेतल्यापासून नऊ वर्षांत शेकडो माणसं तिच्यावर शिकली होती. त्यांच्या पेडलच्या रबरावरची एकूण एक रेघ शाबूत होती.

म्हणजे नऊ वर्षं ही गाडी एकच माणूस चालवत होता, तोही बाजूच्या सीटवर बसून. शिकाऊ माणूस पेडलवर नुसता पाय ठेवून बसायचा, पेडल खाली गेलं की त्याला वाटायचं आपणच दाबलं, आणि मास्तर म्हणायचे छान, छान. आधी मला हसू आलं. एकटाच खदखदून हसलो. मग गुरुवारची आठवण झाली आणि हसू थांबलं.

नवा बुश माझ्या ड्रॉवरमध्येच होता. तासाभराचं काम. मंगळवारी दुपारी ते करायला घेतलं, तेवढ्यात मास्तरांची लेक आली. ड्यूटी संपवून थेट, कपडेही न बदलता. तिने पिन हातात घेतली, फिरवून पाहिली आणि परत ठेवली.

"काका, तो आवाज राहू द्या," ती म्हणाली.

मला वाटलं, काम राहू द्या म्हणतेय. तसं नव्हतं. आवाजच हवा होता तिला.

"पायाखालचा क्लच जायचा तेव्हा मला वाटायचं, मीच दाबला. आता आवाज आला की कळतं, बाबांनी दाबला. आणि आवाज होतो म्हणून बाबासुद्धा निम्म्या वेळा पाय आवरतात. तेवढ्या वेळात मी जे शिकले, तेवढंच काय ते मला येतं."

मी तिला व्यवहाराची गोष्ट सांगितली. आवाज काढून टाकतो, गुरुवारी बाबा बिनबोभाट पार करतील, लायसन हातात पडेल, नोकरी पक्की होईल. गाडी नंतर शिकता येते. अर्धं गाव तसंच शिकलंय, नाही तर माझा धंदा कसा चालला असता?

"सोमवारी बाजूच्या सीटवर बाबा नसतील," ती म्हणाली. "औषधांची पेटी असेल."

गिऱ्हाइकं दोन, गाडी एक. बापाला आवाज नको, लेकीला हवा. मी पिन होती तशी बसवली, ब्रेक दोनदा तपासला, आणि मास्तरांना सांगितलं की बुश मिळत नाहीये, शनिवारी येईल. आम्ही मेकॅनिक लोक न बदललेला पार्ट बदलला म्हणून खुशाल सांगतो, पण हातात असलेला पार्ट मिळत नाही म्हणायची ही माझी पहिलीच वेळ. मास्तरांनी घरून तेलाची बाटली आणली होती. बुशच उरला नाही तर तेल कशाला लावणार, असं म्हणून ती मी ठेवून घेतली.

गुरुवारी गॅरेज बंद करून मी चढावर जाऊन उभा राहिलो. टेस्टच्या मैदानापासून किलोमीटरभरावर पाण्याची टाकी आहे, तिथला चढ. परीक्षक मुद्दाम चढाच्या मध्यावर गाडी थांबवायला लावतो आणि पुन्हा सुटायला सांगतो. आमच्याकडचे लोक तिथेच गळपटतात. माझ्या ड्रॉवरमधल्या बुशपायी तिची नोकरी गेली असती, तर तोंड कुठे लपवलं असतं?

गाडी आली. काचा खाली होत्या. लेक दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून, बाजूला मास्तर, दोन्ही हात गुडघ्यांवर गच्च, जणू पाय उडून जातील म्हणून दाबून धरलेत. मागे परीक्षक. मध्यावर गाडी थांबली. तिने हँडब्रेक ओढला, मग पहिला गिअर टाकला, हँडब्रेक सोडला. गाडी थरथरली, वीतभर मागे सरकली. आणि मी उभा होतो तिथपर्यंत ऐकू आलं, 'कुंई'.

परीक्षकाने पेन उचललं. मी डोळे मिटून घेतले.

उघडले तेव्हा इंजिन बंद होतं, हँडब्रेक ओढलेला होता आणि ती खाली उतरली होती. गाडीला पुढून वळसा घालून तिने मास्तरांचं दार उघडलं.

"बाबा, उतरा."

मास्तर गाडी मागे जात होती असं काहीतरी म्हणाले.

"जाऊ दे थोडी. तुम्ही उतरा."

बावीस वर्षांत त्या सीटवरून त्यांना कुणी उठवलं नव्हतं. ते उतरले. मग तिने मागच्या खिडकीशी वाकून परीक्षकाला विचारलं की इथून पुन्हा सुरुवात करते, तुम्ही पुढे बसाल का. परीक्षकाने कागदाकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, मग मास्तरांकडे चांगलं निरखून पाहिलं, आणि पुढे येऊन बसला. नियमात हे बसतं का मला ठाऊक नाही. विचारायला मी काही गेलो नाही.

मास्तर माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. मी इथे कसा, हेसुद्धा विचारलं नाही. पहिल्या खेपेला गाडी आचका देऊन बंद पडली. मास्तरांचा डावा बूट खडीत रुतला. मी बघत होतो, तो पाय दाबला जात होता, घोट्यापासून, सगळं वजन टाकून. दुसऱ्या खेपेला इंजिनचा आवाज चढला, गाडी क्षणभर जागच्या जागी गुरगुरली, आणि मग सावकाश, रडतखडत का होईना, टाकीच्या पलीकडे गेली. मास्तरांनी पाय उचलला. खडीत चांगला खळगा पडला होता.

आम्ही मैदानाकडे चालत निघालो. वाटेत मी एक वाक्य सुरू केलं आणि काय म्हणायचं ते न सुचून मध्येच सोडलं. ते तसंच राहिलं, मास्तरांनी पुरं केलं नाही.

मैदानात ती कागद हातात धरून उभी होती. पास. चढावर एकदा गाडी बंद पडली, अशी नोंद होती खाली, तिच्या स्वतःच्या चुकीची. मास्तरांनी कागद दोनदा वाचला. दवाखान्याचं ऑफिस एक वाजता बंद होतं, आत्ताच कागद दाखवून येते, असं ती म्हणाली. मास्तर सवयीने डावीकडच्या दाराशी गेले.

"नको बाबा," ती म्हणाली. अगदी हळू म्हणाली. "तुम्ही काकांबरोबर चहा घ्या."

गाडी फाटकातून बाहेर पडली. दुसरा गिअर तिने उशिरा टाकला, इंजिन कण्हलं, मग सुरळीत झालं. वळणापर्यंत आम्ही दोघं ऐकत उभे होतो.

"मिस्त्री," मास्तर म्हणाले, "खरं सांगा. मी शिकवलं ना हो तिला?"

माझ्या जिभेवर दोन-तीन झकास उत्तरं तयार होती. इतकी वर्षं मनातल्या मनात घासून ठेवलेली. मास्तरांनी आजवर माझं मत कधी विचारलं नव्हतं, आणि आता विचारलं ते नजर फाटकावर ठेवून. मला त्यांची दया आली आणि स्वतःची लाजही वाटली.

"शिकवलंत की," मी म्हटलं. "तीन आठवडे."

मास्तरांनी मान हलवली. चष्मा काढून पुसला.

"शनिवारी तो बुश आला," ते म्हणाले, "तर बसवू नका."

मी बरं म्हटलं.