भट्टीत न गेलेलं अस्वल
प्लास्टिक जळल्याचा वास आला की आमच्या सिमेंट कारखान्याची भट्टी आठवते. एका कार्टूनमधल्या अस्वलाची चोरून केलेली नक्कल म्हणून कस्टमनं पकडलेली परदेशी खेळणी तिथं जाळायला आणली होती. भट्टीकडं नेणाऱ्या सरकत्या पट्ट्यावर खोकी हादरली आणि आतली सगळी अस्वलं एकदम गाऊ लागली. आम्ही कामगार हसून हसून बेजार. एक मी नातीसाठी हळूच शर्टात लपवलं, तर तेही सुरू झालं. नोकरी गेली, असंच वाटलं. कस्टमच्या अधिकारी बाई थबकल्या. "काऊन भाऊ, पोट गाऊन राह्यलं तुमचं?" "भूक लागली, मॅडम." त्या खळखळून हसल्या आणि पुढं गेल्या. सगळी खेळणी जळाल्याच्या पंचनाम्यावर साक्षीदार म्हणून माझी सही आहे. आज म्हातारपणी सांगून टाकतो, ती खोटी आहे. त्यातलं एक पोंभुर्ण्याच्या आमच्या घराच्या अंगणात दोन वर्षं गात होतं, आणि नात त्याच्यापुढं नाचत होती.