मास्तरांचं तोंड

दात पडला तो सॅक्सोफोन तोंडात असतानाच. परंड्याच्या बाजूला एका गावात माझ्या भाचीचं लग्न होतं. नवरदेव मारुतीच्या पाया पडायला निघाला होता, डोक्यावर ऊन होतं, आणि आमच्या मालकांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, वाजवता वाजवता वाद्य बाजूला करून हातावर थुंकी टाकली. थुंकीत दात होता. रक्त होतं, आणि पिवळं काहीतरी होतं. त्यांनी दात पँटीला पुसला, खिशात घातला आणि पुन्हा फुंकायला लागले. बाकीचा बँड थांबलाच नव्हता. नवरदेवाच्या बहिणीनं नाकाला पदर लावला. मीही लावला. फक्त तिच्यासाठी तो वास नवा होता, माझ्या घरात तो दोन महिने होता.

मालकांनी जन्मभर सॅक्सोफोन वाजवला आणि शिकवला, दुसरं काही केलं नाही. तरुणपणी एका ऑर्केस्ट्राबरोबर गुलबर्गा, बिदर, हैदराबाद, पार गोव्यापर्यंत हिंडले. तिथल्या एका म्हाताऱ्यानं त्यांना जॅझ शिकवला. जॅझ म्हणजे काय, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, गाणं ठरलेलं असतं, रस्ता ज्याचा त्यानं काढायचा. आठ-आठ महिने घराचं तोंड न बघणाऱ्या माणसाला हे बरोबर शोभत होतं. ऑर्केस्ट्रा मोडल्यावर धाराशिवला आले, लग्नाच्या बँडमध्ये लागले आणि आमच्या ओसरीवर शिकवणी सुरू केली.

शिकायला यायचे ते सगळे बापये. दिवसा रंगकाम, गवंडीकाम करायचे, लगीनसराईत वाजवायचे. गालात तंबाखू धरायची, ती थुंकायची आणि मग फुंकायला बसायचं. ओसरीची भिंत गुडघ्यापर्यंत लाल झाली होती. शिकवणी संपली की वाद्यातलं थुंकीचं पाणी माझ्या न्हाणीच्या दगडावर झटकायचे आणि तो दगड मी घासायचे. लोक म्हणायचे, मास्तरांच्या घरात सरस्वती आहे. मला तरी तिथं पिकदाणीच दिसायची.

सॅक्सोफोनवाल्याचे वरचे दात घट्ट लागतात. वाद्याच्या काळ्या तोंडावर दात टेकवूनच फुंकायचं असतं. दात हलला की सूर हलला. म्हणून मालक प्रत्येकाला सांगायचे, सकाळ-संध्याकाळ मिसरी लावा, हिरड्या दगडासारख्या होतात. ती मिसरी मी करायचे. तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, वाटायची, डब्यात भरायची. आईनं शिकवलेलं काम. मालकांसाठी करायचे, माझ्यासाठी करायचे आणि सगळ्या शिष्यांनाही पुड्या बांधून द्यायचे. कुणी जबरदस्ती केली नव्हती.

तुळजापूरचे एक गुरुजी दर रविवारी एसटीनं शिकायला यायचे. त्यांना लग्नात वाजवायचं नव्हतं, जॅझच पाहिजे होता. तेवढे एकटे तंबाखू खात नव्हते. एका रविवारी ते आत चुलीपाशी आले आणि हळू आवाजात म्हणाले, "काकू, मास्तरांच्या गालाला आतून पांढरा डाग हाय. जखम बी भरंना गेली. डॉक्टरला दाखवा, आन् ती मिसरी बंद करा."

मला राग आला. मी त्यांना म्हणाले, "गुरुजी, तुमी शाळा शिकवा."

मालकांना सांगितलं तर ते म्हणाले, लगीनसराई उरकू दे, मग बघू. मीही म्हटलं, उरकू दे. आणि जखम भरावी म्हणून वरून आणखी मिसरी लावली. मी, माझ्या बोटानं.

दात पडला त्याच्या दुसऱ्या दिवशी बार्शीच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी बॅटरी लावून तोंडात पाहिलं, तपासण्या केल्या आणि नंतर सांगितलं, कॅन्सर आहे, खालचा अर्धा जबडा काढावा लागेल, लवकर काढला तर माणूस वाचेल. मालकांनी जगण्या-मरण्याचं काही विचारलं नाही. वाजवता येईल का, एवढंच विचारलं. बाई नाही म्हणाल्या. मग ते महिना मागायला लागले.

"गुरुजींला अजून निम्मं बी दिलं न्हाय म्या. एक महिना द्या."

बाई माझ्याकडं बघायला लागल्या. मी म्हणाले, "त्याच गुरुजींनी डाग दावला तवा तुमी ऐकलं न्हाय, म्या बी न्हाय ऐकलं. मेल्यावर काय शिकवताव? बसा आता गप."

चौथीपर्यंत शिकले, सही येते. ऑपरेशनच्या कागदावर केली.

ऑपरेशननंतर तोंड एका बाजूला ओढलं गेलं. शब्द कळत नाहीत, लाळ थांबत नाही, भाकरी दुधात कुस्करून चमच्यानं भरवावी लागते. तरी शिकवणी सुटली नाही. गुरुजी स्टुलावर बसून फुंकतात, मालक मागून हात घालून चाव्या दाबतात आणि लाळ गुरुजींच्या खांद्यावर गळते. गुरुजी हलत नाहीत. मी फडकं घेऊन उठते. बघायला आलेले लोक डोळे पुसतात आणि म्हणतात, काय ही कलेची भक्ती. त्यांच्यातल्या एकानं ते फडकं कधी धुतलं नाही.

ओसरीवरचे बाकीचे शिष्य अजून गालात तंबाखू धरूनच येतात. मास्तरांचं तोंड समोर असतं, तरी. आणि त्यांना तरी काय बोलू? मी मिसरीचा डबा गटारात उपडा केला आणि वीस दिवस निघाले नाहीत तर शेजारणीकडं चिमूटभर मागायला गेले. स्वतःची किळस आली, पण लावली.

रंगकाम करणारा एक शिष्य सॅक्सोफोनवर सनईचे सूर चांगले काढायचा. पंधरा वर्षं त्यानं माझ्या हातची मिसरी लावली. त्याच्याही गालात तेच निघालं आणि तो पन्नाशीच्या आत गेला. त्याची बायको माझ्याशी बोलत नाही, आणि तिचं बरोबर आहे.

मालकांच्या ऑपरेशनला सहा वर्षं झाली. ते जगले. मीही जिवंत आहे.