ऑयगेनच्या भिंतीला भोक

आमच्या गावात ऑयगेन बिट्झरइतका चिक्कू माणूस दुसरा नाही. आणि आम्ही पडलो जर्मनीतल्या कंजुषीसाठी बदनाम श्वाबेन प्रांताचे, म्हणजे स्पर्धा किती तगडी ते समजून घ्या. चाळीस वर्षं त्याने कारखान्यात साचे बनवले आणि दर शनिवारी स्वतःचं घर. निवृत्त झाल्यावर घराला बाहेरून वीतभर जाडीचं फोमचं अस्तर चढवलं, खिडक्यांना तीन-तीन काचा बसवल्या, दारांच्या फटी रबराने बुजवल्या. पाहुणा आला की तो खिडकीशी मेणबत्ती धरायचा. "बघ, हलते का ज्योत?" हलत नसे. मग ऑयगेन असा खूश व्हायचा की विचारू नका.

त्याची बायको लोरे मात्र रोज सकाळी सातला सगळ्या खिडक्या सताड उघडते, बाहेर उणे दहा का असेना. तो तिच्यामागोमाग लावत फिरतो. यातून दोन मुलं कशी झाली हे विचारायचं मी टाळतो.

तर गेल्या शरदात चौकातली जुनी खाणावळ बंद पडली. दर गुरुवारी तिथे आमचा बिनोकलच्या पत्त्यांचा अड्डा असायचा: ऑयगेन, त्याचा शेजारी मी, आणि गल्लीच्या टोकाला राहणारा गेबहार्ड. गेबहार्डची बायको जाऊन दोन वर्षं झाली. तेव्हापासून तो घराबाहेर पडायचा तो फक्त गुरुवारी, या पत्त्यांसाठी. आता जायचं कुठे? वर दिवाणखान्यात लोरे बुटासकट कुणाला येऊ देत नाही, आणि गेबहार्डने बूट काढावेत असं कुणालाच वाटत नाही. उरलं ऑयगेनचं तळघर. तिथे नोव्हेंबरात पत्ते धरलेली बोटं काकडायची.

"शेगडी बसवतो," ऑयगेन म्हणाला, आणि निवड सुरू झाली. विजेची? "बल्बपुढे खोट्या ज्वाळा! त्यापेक्षा टीव्हीपुढे हात शेकेन." स्पिरिटवर जळणारी, धुराडं न लागणारी? "दारू जाळायची? मग प्यायचं काय?" लाकडाच्या गोळ्या भरायचं यंत्र? "त्याला दाणे घालत बसू? कोंबडी आहे का ती?" शेवटी पुढे काच असलेली लोखंडी लाकडाची शेगडी ठरली, कारण सरपण त्याच्या रानात फुकट पडलेलं आणि तेलाचा बॉयलर काढल्यापासून धुराडंही रिकामं. शेगडी आली, जोडली. आता फक्त धुराडी तपासणाऱ्या रोमिंगरबाईंचा होकार हवा होता. त्यांच्या शब्दाशिवाय आमच्याकडे कुणी काडी ओढत नाही.

बाई काळ्या गणवेशात आल्या. खिडक्या बंद करायला लावल्या, स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट पूर्ण जोरात लावला आणि मूठभर काटक्या पेटवल्या. दोन मिनिटांत सगळा धूर उलटा तळघरात.

"बिट्झरसाहेब, तुम्ही घर नाही, लोणच्याची बरणी बांधलीय," खोकत बाई म्हणाल्या. "वरचा पंखा हवा ओढतो. बाहेरून यायला फट नाही, मग तो धुराड्यातूनच ओढणार. त्यात विषारी वायू असतो. डाव कोण जिंकलं हे सांगायलाही तिघांतला एक उरायचा नाही."

"मग उपाय?"

"शेगडी चालू असताना पंखा बंद ठेवा."

"जमायचं नाही!" लोरे वरून ओरडली. "तळलेल्या कांद्याचा वास माझ्या पडद्यांना?"

"नाहीतर खिडकी उघडी ठेवा."

"माझ्या सरपणावर गाव तापवू?" ऑयगेन म्हणाला.

"तर मग भिंतीला भोक पाडा. शेगडीला मागे तोंड आहेच. तिथून नळी थेट बाहेर काढा, म्हणजे आग बाहेरची हवा घेईल, घरातली नाही."

"माझ्या भिंतीला?" ऑयगेन पांढराफटक पडला. तरी बाई निघताना त्यांच्या कोटाच्या बटणाला हात लावायला तो विसरला नाही. धुराडेवाल्याचं बटण शुभ असतं, आणि शिवाय फुकट.

चार गुरुवार गेले. नवरा हटेना, बायको हटेना. एका शनिवारी मी गेबहार्डकडे डोकावलो. भर दुपारी खिडक्यांची शटर खाली ओढलेली, आणि हा कोट घालून अंधारात बसलेला. "आज गुरुवार का?" त्याने विचारलं. नाही म्हटल्यावर म्हणाला, "मग ठीक." घरी येईपर्यंत माझं डोकं तापलं.

"अभिनंदन!" कुंपणावरूनच मी ऑयगेनला सुनावलं. "तुझी भिंत शाबूत आहे. तिकडे गेबहार्डला वार कळेनासे झालेत."

"तो काय कुक्कुलं बाळ आहे?" म्हणून ऑयगेनने दार आपटलं.

दुसऱ्या दिवशी रविवार, म्हणजे आमच्याकडे आवाज करायला कायद्यानेच बंदी. दुपारी एकची वेळ. त्या वेळी आमच्या गावात लोक शिंकतातसुद्धा उशीत तोंड खुपसून. आणि ड्रिल सुरू झालं. काँक्रीटमधलं, दात हलवणारं. गल्लीतल्या सगळ्या खिडक्या उघडल्या. सत्तर वर्षांत ऑयगेनने रविवारी साधा खिळा ठोकला नव्हता.

"पोलिसांना बोलावू का?" समोरून कुणीतरी ओरडलं.

"बोलवा की!" लोरे अंगणातून गरजली. "त्यांच्यासाठीही केक ठेवलाय!"

मागच्या गल्लीतून रोमिंगरबाई सपाता घालूनच धावत आल्या. "रविवारी ड्रिल! मला वाटलं कुणी मेलं!" त्यांच्यामागोमाग मीही तळघरात उतरलो. ऑयगेन तिथे उभा होता, केसांत फोमचे पांढरे दाणे, डोळे लाल. म्हणाला, सिमेंटची धूळ गेली डोळ्यांत. नळी बसली, बाईंनी काटक्या पेटवल्या. लोरेने पंखा पूर्ण जोरात लावला. या वेळी आग हललीसुद्धा नाही.

"कागद उद्या देते," बाई म्हणाल्या. "चालू राहू दे."

मी गेबहार्डला आणायला वळलो, तोच तळघराचं दार धाडकन उघडलं.

"कोण गाढव रविवारी ड्रिल मारतोय?" दारात गेबहार्ड, कोटाची बटणं चुकीची लावलेली, रागाने लालबुंद. महिनाभराने माणूस घराबाहेर पडला होता, तोही तक्रार करायला.

"मी," ऑयगेन म्हणाला. "ओरडून झालं की बस. पत्ते पिसलेत."

गेबहार्ड बसला. ओरडणं काही थांबवलं नाही त्याने. आम्हा दोघांचे पूर्वज काढत काढत लागोपाठ तीन डाव जिंकला. मला त्याला कडकडून मिठी मारावीशी वाटत होती. पण आमच्याकडे तसं करत नाहीत, म्हणून मी त्याच्यावर खोटं खेळल्याचा आरोप केला.