पांढरं पागोटं

होळी पेटून विझली, चौकात ढोल घुमू लागला, आणि रुघाराम आपला ओसरीवर पांढरं पागोटं घालून बसलेला. मिसरूड फुटल्यापासून गावच्या गेरनाचात, होळीनंतरच्या काठ्यांच्या फेरात, पहिली काठी त्याची. लाल आंगीचा घेर उडवत तो गिरकी घ्यायचा, तेव्हा आसपासच्या ढाण्यांतली, वाड्यावस्त्यांवरली माणसं वाळू तुडवत बघायला यायची. यंदा मात्र गुडघा कुरकुरत होता. पुढच्या फाल्गुनात नाचता येईल याची खात्री नव्हती, म्हणून यंदाची गेर त्याला हवीच होती.

पण पौषात आई गेली. सासरच्या माणसानं येऊन पांढरं उतरवून रंगीत पागोटं बांधल्याखेरीज दुखवटा सुटत नाही, दुखवट्यात नाचता येत नाही, आणि मेव्हणा टीकमाराम फुगून बसलेला. कारण काय, तर बाराव्याला रुघारामनं एकेका पाहुण्याला रीतीप्रमाणे आपल्या तळहातावरून अफूचं पाणी पाजलं आणि नेमकं टीकमारामला ओलांडलं. डोळे रडून सुजलेले, समोर कोण बसलंय ते दिसतंय कुणाला! पण मेव्हण्यानं ते मनात धरलं.

"जमकू, तुझा भाऊ माणूस आहे की दगड?"

"मला काय विचारता? निरोपावर निरोप धाडले. तुम्हीच जा की."

"जाऊन काय सांगू? माझ्या डोक्यावर रंग घाला म्हणून पदर पसरू?"

"मग बसा तसेच!" जमकूनं बाजरीची भाकरी तव्यावर आपटली. तिची फाल्गुनातली पिवळी ओढणीसुद्धा पेटीतच होती, पण त्याचं कुणाला काही नव्हतं.

रोज संध्याकाळी ढोल वाजला की रुघाराम पेटीतून आंगी काढायचा, चुण्या सारख्या करायचा, आणि चरफडत परत ठेवायचा. होळीनंतरचा आठवडा असाच गेला. शीतळासप्तमी उजाडली. आज गेर संपणार.

दिवस कलताना दारात मोटारसायकल थांबली. टीकमाराम उतरला, काखेत लाल पागोटं.

"काय दाजी, आज तरी दिसतोय ना मी?"

रुघारामनं राग गिळला आणि मान पुढे केली. पागोटं बांधून होताच त्यानं आंगी चढवली, काठ्या उचलल्या आणि दाराकडे धावला.

"कुठे निघालात? माझं राहिलेलं आधी द्या." टीकमाराम ऐसपैस मांडी घालून बसला.

रुघारामनं तळहातावर अफूचं पाणी घेतलं. रीत अशी की पाहुण्यानं नको नको म्हणायचं आणि यजमानानं आर्जवं करून पाजायचं. टीकमारामनं हौस फिटेस्तोवर नको म्हटलं. एक घोट घेऊन मिशी पुसली. आईची आठवण काढली. पुन्हा नको म्हटलं. चौकात ढोल चढत गेला, शेवटचा फेरा सुरू झाला. रुघारामच्या बोटांतून पाणी आंगीवर गळत होतं.

आणि ढोल थांबला. माणसं हसत-बोलत घरोघर निघाल्याचं ऐकू आलं.

नखशिखांत लाल झालेला रुघाराम गुडघ्यावर बसलेला, हात मेव्हण्याच्या तोंडाशी धरलेला. रीत सुटत नव्हती.

"घ्या ना," तो म्हणाला, "माझी शपथ आहे, अजून एकदा घ्या."