क्लिफर्डच्या विनोदातली बायको

बर्नली या कापडगिरण्यांच्या गावातल्या विणकर क्लबात रविवारी दुपारी विनोद सांगायला उभं राहणं म्हणजे खायचं काम नव्हतं. आठवडाभर मागांच्या खडखडाटात राबलेली माणसं बिअरचे ग्लास घेऊन समोर बसत. क्लिफर्ड हॅल्स्टेडनं त्यांना वर्षानुवर्षं हसवलं, आणि तेही एकाच विषयावर. त्याची बायको एडिथ. तिचा आकार, तिचा स्वयंपाक, तिचं घोरणं.

ते विनोद एडिथच लिहायची, हे मात्र कुणाला ठाऊक नव्हतं. मागावर उभी असताना तिला सुचायचे आणि घरी चहाचं पाणी उकळेपर्यंत ती ते क्लिफर्डला पाठ करून घ्यायची. कार्यक्रमात ती मागच्या भिंतीला टेकून बसे. गिरणीत कानाला काही ऐकू येत नाही म्हणून तिथल्या बायका ओठ मोठे हलवून बिनआवाजी बोलतात. तशीच ती त्याला पुढचा विनोद सांगे. सगळ्यांची तोंडं मंचाकडे, त्यामुळे कुणाला पत्ता नसे.

"तू लिहितेस म्हणून सांगू दे की एकदा," क्लिफर्ड म्हणायचा.

"खबरदार! बाईनं स्वतःचीच चेष्टा केली म्हटलं की लोक चुकचुकतात. नवऱ्यानं केली की हसतात. मला चुकचुकणं नको. शपथ घे."

त्यानं शपथ घेतली. मग एडिथच्या छातीत गिरणीचा कापूस साठला, ती झिजत गेली, आणि शेवटी शेवटी क्लिफर्ड तिला लहान मुलीसारखी उचलून खाटेवर ठेवी. तरी लोकांच्या मनात ती लठ्ठच होती. मार्चमध्ये ती गेली.

दफनाहून परतताना तिची बहीण ॲग्नेस त्याला म्हणाली, "जन्मभर तिचं हसं करून विकलंस. आता तरी तिचं नाव त्या मंचावर घेऊ नकोस. घेतलंस तर तू मला मेलास." ॲग्नेसशिवाय क्लिफर्डला आपलं म्हणावं असं कुणी उरलं नव्हतं. त्यानं मान हलवली.

मे महिन्यात क्लबानं त्याला पुन्हा बोलावलं. ॲग्नेस, जी आजवर क्लबाची पायरी चढली नव्हती, ती त्या दिवशी मागच्या भिंतीशी येऊन बसली. तो शब्द पाळतो का, ते बघायलाच आली होती.

क्लिफर्डनं पावसावर विनोद केला. फुटबॉलवर केला. कुणी खोकलं, कुणी खुर्ची सरकवली.

"क्लिफ, मयतीला आलोय की काय रे आम्ही?" पुढून कुणीतरी ओरडलं आणि लगेच जीभ चावली.

एवढ्यात क्लबचा सेक्रेटरी पर्सी ग्रिमशॉ माइकपाशी आला. "मंडळी, काळे वाटाणे आलेत. गरम आहेत, व्हिनेगर घालून घ्या." त्याचं वाक्य संपेपर्यंत अर्धा हॉल रांगेत.

पर्सी कडेला येऊन म्हणाला, "गड्या, तुझं दुःख कळतंय. पण असंच चाललं तर मला तुला मध्येच उतरवावं लागेल. आपल्याच क्लबात बरं दिसेल का ते?"

वाट्या घेऊन माणसं परत बसली. क्लिफर्डनं सवयीनं मागच्या भिंतीकडे पाहिलं आणि तोंडातून निघून गेलं, "आमची एडिथ ब्लॅकपूलला समुद्रात उतरली. भरती आली समजून कोळ्यांनी बोटी काढल्या."

कुणीही हसलं नाही. चमचे थांबले. भिंतीशी ॲग्नेसचे ओठ हलले, मोठे, सावकाश. तीही विणकरीणच. 'ती मेलीय.'

क्लिफर्डनं माइक घट्ट धरला.

"ॲग्नेस, ऐक. हे मी रचलेलं नाही. एकही नाही. सगळं तिनंच लिहिलंय. एडिथनं."

मग पुढच्या टेबलावरून आवाज आला, "मग बरोबर! म्हणूनच तर मला इतकी वर्षं हसायला यायचं!"

"आणि स्वयंपाक तू करायचास होय रे?" दुसरा म्हणाला.

हॉल फुटला. मघापासून कोंडलेलं सगळं हसू एकदम बाहेर पडलं. बायका डोळे पुसू लागल्या.

"खरं सांगतोय मी!" क्लिफर्ड ओरडला. हशा दुप्पट झाला.

ॲग्नेस उठली. कोटाची बटणं लावली, वरपासून खालपर्यंत, एकेक. मंचाकडे न बघता ती दारातून बाहेर पडली. क्लिफर्डनं एक पाय मंचावरून खाली टाकला. पण समोर शंभर तोंडं उघडी होती, पुढच्या विनोदाची वाट बघत. त्यानं पाय मागे घेतला.

"तिच्या पुडिंगचं तर विचारूच नका," तो म्हणाला.

कार्यक्रम संपल्यावर पर्सीनं त्याच्या पाठीवर थाप मारली. "शेवट झकास केलास, लेका! जूनमध्ये येशील ना? आणि तो 'तिनंच लिहिलंय'वाला ठेव बरं का. सगळ्यात शेवटी घे."

क्लिफर्डनं टोपी उचलली.

"ठेवतो," तो म्हणाला.