ड्रायरमधला चक्का

आमच्या ह्यांना कुठलीही वस्तू ज्या कामासाठी आणली त्याच कामाला वापरायची म्हणजे कमीपणा वाटायचा. इस्त्री ही कपड्यांसाठी असते, हे पटवून देता देता माझा जन्म गेला. पलटणीत असताना दोन विटांमध्ये इस्त्री उलटी बसवून तिच्यावर पापड भाजायचे, चपात्या गरम करायचे. पाणी तापवायचा रॉड बादलीत सोडून मक्याची कणसं उकडायचे. एकदा त्या बादलीत मूठभर मीठ टाकलं आणि अख्ख्या बरॅकीची लाईट घालवली. सुट्टीवर आले की हे सगळं अशा तोऱ्यात सांगायचे की वाटावं, ह्याच कामाचं पदक मिळालंय.

मी म्हणायचे, "आवं, घरात गॅस हाय. माणसासारखं रांधा की."

"गॅसवर कुणीबी रांधतंय," हे म्हणायचे. "त्यात कसली मर्दुमकी?"

हे मूळचे माणदेशातले, घराण्यात पिढ्यान् पिढ्या मेंढरं. दुधादह्यातलं त्यांना जन्मजात कळायचं. गाडग्यावरचं झाकण काढलं की नुसत्या वासावर सांगायचे, दही किती आंबलंय ते. आणि मी रांधलेल्याला एकदाही चांगलं म्हणाले नाहीत. खायचे सगळं, ताट चाटूनपुसून. पण पहिला घास तोंडात गेला की डावी भुवई वर जायची. बोलायचं काही नाही. भुवई वर म्हणजे काहीतरी कमी पडलंय. काय ते मी ओळखायचं. मीठ? न्हाई. जिरं? न्हाई. मग माझं डोकं फिरायचं. "आता तुमीच सांगा, का पंचांग काढून बघू?" संसारभर त्या एका भुवईनं मला जाळलं.

पेन्शनीत आल्यावर रहिमतपूरला घर बांधलं, तेव्हा दोन पेट्यांचं कपडे धुवायचं मशीन घेतलं. एका पेटीत कपडे धुवायचे, मग ओलेच उचलून शेजारच्या पेटीत, ड्रायरमध्ये, पिळायला टाकायचे. काही वर्षांनी धुवायच्या पेटीची मोटर जळाली. ड्रायर मात्र ठणठणीत. मी म्हटलं, आता हे धूड भंगारवाल्याला द्या. ह्यांनी काय करावं? दिवसभर बसून ड्रायर घासला, त्यात उकळतं पाणी ओतलं, उन्हात वाळवला आणि सांगितलं, "ह्यो आता सैपाकघरात."

पाडवा तोंडावर आला होता. आमच्याकडं त्या दिवसांत ऊन असं, की रात्री टांगलेलं दही सकाळपर्यंत आंबून जायचं. ह्यांनी म्हशीच्या दुधाचं दही दोन धुवट पंच्यांत बांधलं, दोन्ही गाठोडी ड्रायरमध्ये समोरासमोर बसवली. मी कपाळावर हात मारला. "आवं, आपल्या बनियन-चड्ड्या फिरल्यात त्यात! लोक तोंडात शेण घालतील."

"मशीन हाय त्ये. त्येला काय कळतंय, बनियन हाय का दही?"

"आन् दोन गाठोडी कशाला? एकच बांधायचं."

"घोड्यावर बिऱ्हाड लादताना एकाच अंगाला लादत्यात व्हय? दोन्हीकडं सारखं वजन पायजे, न्हाईतर घोडं बसतंय."

बटण फिरवलं. मशीन घूं करून फिरायला लागलं आणि मागच्या पाईपातून दह्याचं पाणी बादलीत पडायला लागलं. हे बादलीजवळ उकिडवे बसले, कान लावून. धार बारीक झाली, थेंब झाले. मी म्हटलं, "अजून पाणी येतंय की." ह्यांनी माझ्याकडं न बघता हात वर केला. "बस!" उघडून बघितलं तर चक्का असा, की बोटानं उचलावा तर बोटाला चिकटून यावा; ना पाणी, ना भुसा. जायफळ ह्यांनी स्वतः किसलं, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. दोन वाट्या श्रीखंड मी खाल्लं, पण चांगलं झालंय म्हणाले नाही. म्हटलं असतं तर डोक्यावर बसले असते.

तेव्हापासून दर पाडव्याला तो खेळ ठरलेला. मी म्हणायचं, अजून पाणी येतंय. ह्यांनी म्हणायचं, बस.

ह्या वर्षी माघात हे परसात पडले. अर्धांगाचा झटका. उजवं अंग गेलं, वाचा गेली. सांगलीच्या दवाखान्यात राहिलो, तिथून सांगलीतच लेकीच्या फ्लॅटवर आलो. नाकातून नळी घातलेली, तिच्यातून दूध आणि पातळ पेज सोडायची. घशाचे व्यायाम घ्यायला एक बाई यायच्या. त्या म्हणाल्या, "काकू, गिळायची ताकद परत यायला लागलीय. चमचाभर द्यायला सुरुवात करा. पातळ नको, गुठळ्या नकोत. घट्ट आणि एकसारखं. बसवून द्या, सावकाश."

पण तोंड उघडतील तर ना. मुगाचा शिरा केला, केळं कुस्करलं, खीर आटवली. चमचा ओठाला लावला की ओठ गच्च. डोळे छताकडं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, पुढच्या तपासणीपर्यंत तोंडानं घेतलं नाही तर पोटातून नळी घालावी लागेल. नाकातली किती दिवस ठेवणार. लेकीनं मान डोलावली. मीही डोलावली. पण मला नळीची भीती नव्हती, खरं सांगते. नळी काय, नाकातून गेली काय आणि पोटातून गेली काय. मला भीती होती की ह्या अंथरुणावरचा माणूस माझा नवरा राहिलाच नाहीय. कुणी आत असेल तर ओठ का मिटतोय, आणि नसेल तर मी कुणाचे पाय चेपतेय? हे कुणाला विचारायचं? डॉक्टरला असं विचारता येत नाही.

पाडवा जवळ आला. जावई डेअरीतून चक्का घेऊन आले. घट्ट, मऊ, बाईंनी सांगितला होता तसाच. मी चमचा नाकाजवळ नेला मात्र, आणि ह्यांनी मान फिरवली. भिंतीकडं. इतके दिवस नुसते ओठ मिटत होते, मान अशी कधी फिरवली नव्हती. मी तो चक्का चाखून बघितला. आंबट.

"अगं, ह्यांना वास आला," मी लेकीला म्हटलं. "आंबट हाय म्हणून न्हाई घेतला."

"आई, उगाच अर्थ काढू नकोस," ती म्हणाली. रागानं नाही म्हणाली, थकून म्हणाली. तिचंही बरोबरच होतं. मान काय, कशानंही वळते.

पण माझ्या डोक्यात ते बसलं ते बसलंच. घरी दही लावलं. टांगून ठेवलं तर सांगलीच्या उकाड्यात सकाळी नाकात आंबट वास. चाळणीत घालून फ्रिजमध्ये ठेवलं तर वर घट्ट आणि खाली पातळ. बाई म्हणाल्या, असलं नको, ठसका लागेल. मग माझी नजर लेकीच्या मशीनकडं गेली.

लेकीचं मशीन नवं. समोरून गोल काचेचं दार. कपडे किती ते स्वतःच जोखतं, पाणी किती ते स्वतःच ठरवतं, काम झालं की गाणं म्हणतं. लेक आणि जावई कामावर गेले होते. मी म्हटलं, हेही फिरतं, तेही फिरतं. आतून पुसून काढलं, गरम पाण्यावर रिकामं फिरवून घेतलं आणि दह्याची दोन गाठोडी समोरासमोर ठेवली. ठेवते तर काय, ड्रायर उभा असतो आणि हे आडवं! दोन्ही गाठोडी घरंगळत तळाला एकत्र. तरी दार लावलं आणि पिळायचं बटण दाबलं. बाई गं! एकदा इकडं वळलं, थांबलं, विचार केला. एकदा तिकडं वळलं, थांबलं, विचार केला. असं पाच-सहा वेळा नखरे करून शेवटी लाल दिवा लावला आणि चूं चूं करत बसलं. दार उघडायला गेले तर दार घट्ट. आत गाठोडं सुटलेलं, काचेवरनं दही ओघळतंय, आणि मी बाहेरून बघतेय.

"उघड की रं मुडद्या!" मी म्हटलं. मशीनला म्हटलं. पण पलीकडच्या खोलीत हेही गच्च मिटलेले, आणि मला एकदम काही सोसेना. मी तिथंच फरशीवर बसले.

लेक आली ती बघतच राहिली. "आई! दही?" आधी ओरडली. मग माझ्या शेजारी खाली बसली, काचेतून आत बघितलं आणि हसायला लागली, आणि हसता हसता रडायला लागली. "बाबा असते तर किती हसले असते गं."

"असते म्हंजे?" मी म्हटलं. "हायत की आत."

जावई आल्यावर त्यांनी मशीन बंद करून, थोडा वेळ थांबून दार उघडलं, आतलं सगळं पुसून काढलं. मला वाटलं, मनातून चिडलेत. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून कुठंतरी गेले ते दुपारी टेम्पो घेऊनच आले. टेम्पोत आमचं रहिमतपूरचं मशीन! जळालेल्या पेटीत मी कांदे भरून ठेवले होते, ते कांद्यांसकट. जावयाला मी "देवासारखे आलात" म्हटलं तर म्हणाले, "कांदे कुठं ठेवू ते सांगा."

मशीन न्हाणीच्या दाराशी लावलं. तिथून ह्यांचा पलंग दिसतो. मी ड्रायर घासला, उकळतं पाणी ओतलं, कोरडा केला. सकाळचं ताजं दही दोन पंच्यांत बांधलं. दोन्ही गाठोडी हातांत धरून जोखली, वजन सारखं. समोरासमोर बसवली. आतलं झाकण, वरचं झाकण, आणि बटण फिरवलं.

घूं.

मी बादलीजवळ उकिडवी बसले. गुडघे कुरकुरले, पण बसले. लेक ह्यांच्या उशाशी होती. धार लागली. मी ह्यांच्याकडं बघत नव्हते. बघायचा धीरच नव्हता. बघावं आणि डोळे छताकडंच असावेत तर? पाईपाकडं बघत बसले. धार बारीक झाली. मग थेंब.

टक.

मला वाटलं, मशीनचाच आवाज. जुनं झालंय.

टक, टक.

"आई," लेक म्हणाली. तिचा आवाज फाटला होता. "आई, बाबा पलंग वाजवतायत."

मी मान वळवली. डावा हात पलंगाच्या दांडीवर. बोटातली अंगठी दांडीवर आपटत होते. डोळे छताकडं नव्हते, मशीनकडं होते.

आता सांगा, माझ्या जागी कुणी काय केलं असतं? धावत जाऊन गळ्यात पडलं असतं. माझ्या तोंडातून काय निघावं? "अजून पाणी येतंय की!"

टक. ह्या वेळी जोरात, दांडीचा नाद निघाला. त्या एका हाताशिवाय अंगात काही उरलं नव्हतं, तरी माझं ऐकायचं म्हणून नाही. मी बटण बंद केलं. मला हसू येत होतं का रडू, मलाच कळत नव्हतं. पंचा सोडला, चक्का बोटावर घेतला. बोटाला चिकटून आला. ना पाणी, ना भुसा.

लेकीनं आणि जावयानं मिळून ह्यांना ताठ बसवलं. मी चक्क्यात साखर फेटली, चमच्याच्या टोकावर थोडासा घेतला आणि ओठाजवळ नेला. ह्यांनी आधी वास घेतला. मग तोंड उघडलं. एका बाजूनंच उघडलं, वाकडं, पण उघडलं. चक्का जिभेवर ठेवला. ओठ मिटले. आम्ही तिघं त्यांच्या गळ्याकडं बघत होतो. गळ्याची घाटी वर गेली, थांबली, आणि खाली आली. ठसका नाही, काही नाही. लेकीनं माझा खांदा घट्ट धरला.

आणि मग ह्यांची डावी भुवई वर गेली.

ज्या भुवईचा मी जन्मभर राग केला, तिच्यासाठी मी त्या दिवशी देवाचे पाय धरायला तयार होते. मी ती भुवई बघत राहिले. मीठ न्हाई. साखर तर मी घातली होती.

"जायफळ," मी म्हटलं. "आवं, जायफळ ऱ्हायलं! थांबा, आणते."

लेकीच्या स्वयंपाकघरात जायफळ सापडेना. मी डबे उघडत होते, झाकणं खाली पडत होती, डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, आणि मी लेकीला शिव्या घालत होते की कसला हा संसार, घरात एक जायफळ ठेवत न्हाईस. शेवटी मसाल्याच्या डब्याच्या तळाशी एक तुकडा मिळाला. तो किसला, अगदी भुकटी केली, चमच्यातल्या चक्क्यात कालवली आणि पलंगापाशी परत आले.

तोवर ह्यांनी तोंड परत उघडून ठेवलं होतं.